तादालाच्या कथेचा शेवट

बरखेडा, भोपाळ
८ जुलै २०२४

प्राजू,

मावशी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. माझा उजवा कान आता पुरता गेला. डाव्यात मशीन आहे, पण फोनवर त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते. तेव्हा यापुढे जे काही असेल ते कागदावर. तुझ्या आईला मी असंच लिहायची.

आमचं 'अक्षरसंगत' मंडळ तुला माहीत आहेच. रविवारी दुपारी जमतो. सगळे नागपूर-अमरावतीकडून नोकरीपायी इकडे आलेले, कुणी कारखान्यातले, कुणी सरकारी दफ्तरातले. दरवर्षी वाचनाला एक विषय घेतो. यंदा मी सुचवला, कृष्णवर्णीय कथाकार. हेमंत देवतळे म्हणाला, "ताई, त्यांच्या कथा वाचून आपल्याला काय करायचंय?" मी म्हटलं, ज्यांना जगानं विचारलं नाही त्यांना आपण विचारायचं. ठरलं. आता वर्षभर त्यांच्या कथा वाचायच्या, काही मराठीत आणायच्या आणि दिवाळीनंतर मोठा सन्मान सोहळा करायचा.

आणि आता खरी बातमी ऐक. अशी एक लेखिका मला इथेच सापडली. तादाला नाव तिचं. मलावी देशातल्या झोम्बा गावची. होशंगाबाद रोडवरच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकते, शेवटचं वर्ष. इंग्रजीत कथा लिहिते, तिकडच्या मासिकांत छापूनही आल्यात. आमच्या मंडळातली जुई तिच्या वर्गात आहे, तिनंच आणलं. पोरीला राहायला खोली मिळत नव्हती. घरमालक फोनवर हो म्हणायचे आणि दारात तिला पाहिलं की खोली गेलेली असायची. मला फार वाईट वाटलं. आपल्या मंदारचा बागसेवनियाचा फ्लॅट रिकामाच आहे, तो काही कॅनडाहून परत येत नाही. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. भाडं नको म्हटलं. रडली बिचारी. एवढंच सांगितलं, की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचं, पाहुणे आणायचे नाहीत आणि सुकी मासळी शिजवायची नाही. खालच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे.

तुमच्या दिवाळी अंकात हिच्यासाठी जागा ठेव.

मावशी


पुणे
२२ जुलै २०२४

प्रिय कांचनमावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. यंदाचा अंक कशावर करायचा यावर आमचं महिनाभर नुसतं चर्वितचर्वण चाललं होतं. आता ठरलं, कृष्णवर्णीय कथाकारांचा विशेष विभाग. परदेशी लेखकांच्या परवानग्या मिळवता मिळवता दिवाळी उलटून जाते. तुझी तादाला म्हणजे घरचीच लेखिका. तिच्याकडून नवी कथा घे आणि अनुवाद तूच कर. तुझं मराठी आमच्याकडच्या कितीतरी जणांपेक्षा चांगलं आहे.

विषय तिच्याकडचा असू दे म्हणावं. दुष्काळ, भूक, गोऱ्यांनी केलेला छळ, असं काहीतरी. वाचक हलला पाहिजे. कॉलेजातल्या प्रेमाबिमाची कथा नको, तसल्या आमच्याकडे पोत्यानं येतात.

तू तिच्यासाठी केलंस ते फार मोठं आहे, मावशी. मी अंकाच्या संपादकीयात तुझा उल्लेख करायला लावणार आहे.

तुझी प्राजक्ता


बरखेडा
२ सप्टेंबर २०२४

प्राजू,

उत्तराला उशीर झाला, कारण मधे मी तापानं आडवी होते. डेंगी असेल म्हणाले. मंदारला कळवलं, त्यानं मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवलं. तादाला मात्र रोज बागसेवनियाहून यायची. कपाळावर पट्ट्या ठेवायची, पेज करायची, गोळ्या द्यायची. तिला बरोबर लक्षात असतं, माझ्या डाव्या कानाशी वाकून बोलायची, "आंटीजी, थोड़ा पानी पी लीजिए." लेक असती तर तिनंही एवढं केलं नसतं. तापात मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही. शेजारची लीलावती एकदा येऊन दारातूनच चौकशी करून गेली.

मंडळात तादाला आता सगळ्यांची लाडकी आहे. मागच्या महिन्यात तिला व्यासपीठावर बसवलं. हेमंतनं विचारलं, तुमच्याकडे सिंह घरापर्यंत येतात का. ती हसली. बायकांना तिच्या केसांना हात लावून बघायचा होता. मी म्हटलं, गर्दी करू नका, एकेक जणी या. स्वभावानं इतकी गरीब, की कुणाला नाही म्हणत नाही.

तिनं कथा दिली. तुझ्या मनासारखी नाही, भूक-दुष्काळ काही नाही त्यात. एक मलावी मुलगी परक्या शहरात एका विधवेच्या घरी राहते. ही बाई तिला पाहुण्यांपुढे मिरवते, आणि पाहुणे गेले की तिचा कप वेगळा घासून खिडकीत पालथा घालते. वाचता वाचताच मी ओळखलं, ही लीलावती. तिच्या कामवालीचा कप असाच गॅलरीत पडलेला असतो. पोरीनं बरोबर टिपलंय. अर्थात मी तिला तसं काही म्हटलं नाही.

शेवट मात्र फार कडू होता. बाई आजारी पडते. मुलगी तिची सेवा करते, आणि तहानेनं कासावीस झालेल्या बाईला हाताला लागेल त्या कपातून पाणी पाजते. बाई अर्धं पाणी पिते आणि विचारते, कप कुणाचा आहे? मुलगी म्हणते, माझा. बाई तोंडातला घोट थुंकते. संपली कथा. आता सांग, जिची सेवा घ्यायची तिच्याशी कुणी माणूस असं वागेल? आपल्या वाचकाला हे पटायचं नाही. म्हणून मी तेवढा भाग बदलला. बाईचे डोळे भरून येतात, ती मुलीला जवळ घेते आणि तो कप स्वतःच्या हातानं इतर कपांच्या रांगेत ठेवते. वाचताना माझेच डोळे भरून आले.

तादालाला हे सांगितलं नाही. तिच्या परीक्षा आहेत, कशाला त्रास द्यायचा. मूळ कथा आणि अनुवाद, दोन्ही सोबत ठेवलंय.

मावशी


पुणे
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

तब्येत सांभाळ. तापानंतरचा अशक्तपणा बरेच दिवस राहतो.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. तुझा अनुवाद ओघवता आहे, कुठे अडखळायला होत नाही. मूळ कथा चांगली आहे. खरं सांगायचं तर अशी कथा आमच्याकडे गेल्या काही वर्षांत आलेली नाही.

एकच विचारते. त्या कथेतली बाई म्हणजे लीलावतीकाकू, असं तुला नक्की वाटतं ना? वाटत असेल तर ठीक आहे. त्यांना अंक दाखवताना मात्र जपून.

शेवटावर आमच्या बैठकीत बोलणं झालं. संपादकांना तू केलेला शेवट आवडला. दिवाळीत घरोघरी जाणारा अंक आहे, वाचून माणसाला बरं वाटलं पाहिजे, असं ते म्हणाले. मी थोडं बोलून पाहिलं, मग सोडून दिलं. तर तोच शेवट छापतोय. तादालाला मी मेल करून कळवते. तू तिच्याशी यावर काही बोलू नकोस.

प्राजक्ता


बरखेडा
१२ नोव्हेंबर २०२४

प्राजक्ता,

परवाचं तुला जुईकडून कळलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक.

सन्मान सोहळ्याला सभागृह भरलं होतं. टेबलावर तुमच्या अंकाच्या प्रती मांडलेल्या. शाल, नारळ, मानपत्र, सगळं रीतसर. मानपत्र मी लिहिलं होतं, मीच वाचलं. टाळ्या झाल्या. मग मी तादालाला म्हटलं, "बेटा, दो शब्द." ती माइकजवळ गेली आणि म्हणाली, "मेरी कहानी का आख़िरी पन्ना नहीं छपा. जुई ने मुझे पढ़कर सुनाया, तब पता चला. वह पन्ना मैं सुनाती हूँ." मला वाटलं छापखान्यात काहीतरी राहिलं असेल. मी पहिल्या रांगेत होते, मशीनचा आवाज वाढवून घेतला.

तिनं तो शेवट वाचला. हिंदीत, सावकाश, वर्गात धडा वाचावा तसा. "कप किसका है?" "मेरा." आणि पुढचंही. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "यह मैंने सोचा नहीं था. अगस्त में देखा था."

सभागृहातली एकूण एक मान माझ्याकडे वळली. हे सगळे वर्षानुवर्षं माझ्या घरी चहा पिऊन गेलेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतला तो कप सगळ्यांनी पाहिलेला आहे. हेमंत चपलांकडे बघत बसला. आणि लीलावती टाळ्या वाजवायला लागली. आधी ती एकटीच, मग बाकीचे.

मला तापातलं काही आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही. आणि झालं असेल तसं, तर ते तापात झालं. कप वेगळा ठेवला तो स्वच्छतेसाठी. ती प्रयोगशाळेत कशाकशात हात घालते. ज्यांच्या घराच्या दारात ती उभीही राहू शकली नसती, त्यांच्या टाळ्या तिनं घेतल्या. आणि जिनं घर दिलं तिला चारचौघांत नागवं केलं.

काल तिला बोलावून घेतलं. म्हटलं, या रविवारच्या आत फ्लॅट रिकामा कर. ती म्हणाली, "आंटीजी, दिसंबर में मेरे प्रैक्टिकल हैं." मी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. ती बराच वेळ बोलत होती. ओठ हलताना दिसत होते.

आता मला एवढंच सांग. कथा वाचलीस तेव्हा तुला कळलं होतं का?

कांचनमावशी


पुणे
२२ नोव्हेंबर २०२४

मावशी,

हो, कळलं होतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा खिडकीतला तो कप मी पाहिला होता. तेव्हा तो तुझ्या कामवालीचा होता. तुला सांगितलं असतं तर तू तादालाला घराबाहेर काढशील अशी मला भीती वाटली. आणि अंक छापायला जायचा होता, हेही खरं. तिला मेल करायचं म्हणाले होते, तेही मी केलं नाही. काय लिहावं ते सुचेना आणि मग राहूनच गेलं.

माझ्यावर हवी तेवढी चिड. पण आता ऐक. तिचा व्हिसा डिसेंबरअखेर संपतोय. मुदत वाढवून घ्यायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, ती इथे राहते म्हणून. तिला कुणी खोली देत नाही. सध्या ती कोटरा सुलतानाबादला जुईच्या मैत्रिणींच्या खोलीत राहते, तीही घरमालकाच्या नकळत. तो येतो तेव्हा न्हाणीघरात जाऊन बसते. हे जुईनं सांगितलं, तादालानं नाही. तिनं माझ्या एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही.

तिला घरात घेऊ नकोस. तिच्याशी बोलू नकोस. फक्त त्या कागदावर सही कर. तिचं शेवटचं सत्र राहिलंय, मावशी. एका सहीसाठी तिची सगळी वर्षं वाया जातील.

प्राजक्ता


बरखेडा
३ डिसेंबर २०२४

प्राजक्ता,

ती माझ्या घरात राहत नाही. राहते अशी सही केली तर ते खोटं होईल. मी जन्मभर शाळेत मुलांना शिकवलं, आता या वयात सरकारी कागदावर खोटं लिहायचं का? उलट पोलीस ठाण्यात तिच्या नावाची नोंद मी दिली होती, ती परवा जाऊन काढून आले. कायद्यानं तसं करावंच लागतं. तिथल्या साहेबांनी माझं कौतुक केलं, म्हणाले, एवढं कुणी करत नाही.

जुई आली होती. दारात उभी राहून रडली. तिला सांगितलं, मंडळात यायचं तर ये, हा विषय नको. ती काही आता येणार नाही.

तुला एवढी कणव आहे तर तू ठेव तिला. पुण्यात तुझं घर आहे, सही करायला नवरा आहे, कॉलेजंही तुमच्याकडे इथल्यापेक्षा जास्त. कप माझ्या खिडकीत होता हे खरं. पण तो इतर कपांच्या रांगेत ठेवलेला तू छापलास, आणि तो तिथे नाही हे तुला ठाऊक होतं. मला निदान ठाऊक नव्हतं.

कांचनमावशी


पुणे
२० मार्च २०२५

मावशी,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तुझं डिसेंबरचं पत्र मिळालं होतं. तादालाला इथे आणायचा विचार मी केला होता. पण तेव्हाच सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या, आणि त्यांचं सोवळंओवळं तुला माहीत आहे. घरात दोन खोल्या. हे म्हणाले, आत्ता नको. मी पुन्हा विषय काढला नाही.

ती डिसेंबरअखेरीलाच परत गेली. परीक्षा न देता. जुई दिल्लीपर्यंत सोडायला गेली होती.

दुसरी बातमी द्यावी की नाही ते कळत नव्हतं. आमच्या अंकाला यंदा अनुवादित कथेचं पारितोषिक मिळालं. त्याच कथेला. परीक्षकांनी शेवटाचं फार कौतुक केलंय, माणुसकीवरचा विश्वास वगैरे. आता एक प्रकाशक त्या विभागाचं पुस्तक काढतोय आणि ही कथा त्याला पहिली हवी आहे. परवानगीसाठी मी तादालाला पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर आलं. ते मराठीत करून खाली देते. एकही शब्द बदललेला नाही.

"प्रिय प्राजक्ता,

पारितोषिकाबद्दल अभिनंदन.

तुम्ही परवानगी मागितली आहे. ज्या शेवटाला पारितोषिक मिळालं तो मी लिहिलेला नाही. मी लिहिलेला तुम्ही छापला नाही. तेव्हा ही कथा माझी नाही. तुम्हाला ती पुस्तकात घ्यायची असेल तर लेखिका म्हणून कांचन आंटींचं नाव घाला. माझं नाव नको, फोटो नको, आभारही नकोत.

तुमच्या मंडळात मला पुष्कळ प्रश्न विचारले. सिंहांबद्दल, भुकेबद्दल, केसांबद्दल. एकदा एका काकांनी विचारलं की मी मराठी शिकणार का, आणि मी खरंच शिकायला सुरुवात केली होती. पण मी कथा कशी लिहिते, पुढची कुठली लिहितेय, हे कुणी विचारलं नाही. मी वाट बघत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं.

आंटींचा ताप कसा आहे, असं विचारायची मला सवय झाली होती. आता विचारत नाही.

मी झोम्ब्यात माझ्या मामाच्या औषधाच्या दुकानात काम करते. पदवी नाही म्हणून औषध देता येत नाही, खोकी लावते. लिहीत नाही. यापुढेही लिहीन असं वाटत नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगितलं.

तादाला"

मावशी, हे पत्र मी आणखी कुणाला दाखवलेलं नाही. प्रकाशकाला काय सांगू? कथा काढून टाका म्हणू का? तू वाच, आणि तुला काय वाटतं ते लिही.

प्राजक्ता


बरखेडा
२ एप्रिल २०२५

प्राजू,

तुझं पत्र मिळालं आणि जिवावरचं ओझं उतरलं. आधी तुझं अभिनंदन. तुझी आई असती तर पेढे वाटत फिरली असती.

तादालाचं पत्र मी दोनदा वाचलं. मग रविवारी मंडळात मोठ्यानं वाचून दाखवलं, मधला थोडा मजकूर सोडून. राग निवला की माणसाला आपल्यासाठी कुणी काय केलं ते आठवतं, हे मी तेव्हाच म्हणत होते. बघ, तिनं आपण होऊन कथा माझ्या नावावर केली. हेमंतला म्हटलं, पोरीला जाण आली शेवटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लीलावती आलीच नव्हती, तिला मी घरी जाऊन सांगितलं.

औषधाच्या दुकानात लागली हे बरं झालं. शिकलेलं कामी आलं. लिहिण्यानं काय पोट भरतं?

कथा मुळीच काढू नकोस. नाव असं छापायला सांग: श्रीमती कांचन उमाळकर, बी.ए., बी.एड. खाली 'अक्षरसंगत, भोपाळ' हवंच. प्रकाशनाला मी पुण्याला येईन. तुझ्या सासूबाई असतील तर मी मंदारच्या मित्राकडे उतरेन, माझी काळजी करू नकोस.

फ्लॅट आता बँकेतल्या एका मुलाला दिलाय. अनिकेत, वर्ध्याचा, सभ्य आहे. पण बोलतो हळू आणि नेमका उजव्या बाजूनं. कितीदा सांगितलं, बाबा रे, डावीकडे ये. त्याच्या लक्षातच राहत नाही. मग मी नुसती मान हलवते.

यंदा मंडळात आदिवासी कथाकार घ्यायचं ठरलंय. बैतूलकडची एक मुलगी लिहिते म्हणे. तिची चौकशी चालू आहे.

मुखपृष्ठाचं मात्र माझं ऐक. ती काहीही म्हणो. सोहळ्याच्या सकाळी मी तादालाचा एक फोटो काढून घेतला होता, डोक्याला लाल-पिवळं कापड बांधलंय, गोड हसतेय. तोच मुखपृष्ठावर मोठा घ्यायला सांग. नाहीतर आत माझं नाव वाचून लोकांना कळणार कसं, की ही कथा एका कृष्णवर्णीय लेखिकेची आहे?

तुझी,
मावशी